राज्य गेले, अन्नछत्र राहिले

तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे अभ्यासकांना ठाऊक आहे. मात्र मुलूख हातचा गेल्यावर या मराठी राजाने सर्वांत आधी जे वाचवू पाहिले, ते वाटसरूंच्या पानातले अन्न होते. त्यांच्या जीवनाचा आणि तंजावरच्या मराठी पाकपरंपरेचा हा मागोवा.

कोपरखैरणे, प्रतिनिधी

नवी मुंबईतील कोपरखैरणे असो वा वाशी, सकाळच्या न्याहारीला इडली-सांबार हा आता परका पदार्थ राहिलेला नाही. या सांबाराविषयी एक कथा वारंवार सांगितली जाते. छत्रपती संभाजी महाराज तंजावरच्या आपल्या भाऊबंदांकडे पाहुणे म्हणून गेले असता, मुदपाकखान्यातील आमसुले संपलेली होती. तेव्हा आमटीत चिंच घालण्यात आली, पाहुण्यांना ती आवडली आणि त्यांच्याच नावावरून त्या पदार्थाला सांबार हे नाव पडले, अशी ही कथा आहे. मराठी वाचकाला ती सुखावते. मात्र तिच्या पाठीशी उभी राहील अशी समकालीन नोंद दाखविली जात नाही. शब्दाच्या अंगाने पाहिले तर संभार म्हणजे मसाल्याची सामग्री, हा अर्थ मराठीत जुना आहे. वऱ्हाडात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तमिळमध्येही मसाल्यासाठी याच वळणाचा शब्द आढळतो. त्यामुळे नावाचे मूळ एखाद्या राजाऐवजी मसाल्याच्या डब्यात असण्याचा संभव अधिक वाटतो.

गंमत अशी की, तंजावरच्या मराठी राजघराण्याची अन्नाविषयीची खरी कामगिरी कागदोपत्री नोंदलेली आहे आणि ती या कथेपेक्षा कितीतरी मोठी आहे. तिचा नायक संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी जन्माला आला. तो म्हणजे सरफोजीराजे दुसरे होत.

अन्नाची कीर्ती कशी ठरते?

एखाद्या प्रदेशाच्या अन्नाला कीर्ती लाभते ती केवळ चवीमुळे नव्हे. त्या अन्नाची बाजू मांडणारा कोणी भेटला की नाही, यावरही ती अवलंबून असते. स्कॉटलंडचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. ओटची पेज, जवाचे सूप, कोबीवर्गातील पालेभाजी हे तेथील गोरगरिबांचे रोजचे जेवण होते. इंग्लंडमध्ये त्याची टिंगल होत असे. सॅम्युएल जॉन्सन या कोशकाराने १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दकोशात ओटचा अर्थ देताना, हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसे त्यावर जगतात, अशा आशयाचा चिमटा काढला होता. मेंढीचे काळीज, हृदय आणि फुप्फुसे बारीक करून, त्यात ओट, कांदा व चरबी मिसळून ते मिश्रण तिच्याच कोथळ्यात शिजविले की हॅगिस तयार होते. आपल्याकडील वजडीचा हा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या रॉबर्ट बर्न्स या कवीने १७८६ मध्ये या हॅगिसवर गौरवपर कविता लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८०१ मध्ये, काही मित्रांनी त्याच्या स्मरणार्थ जेवणाचा बेत केला आणि त्यात हॅगिस वाढले. पुढे दर वर्षी २५ जानेवारीला, बर्न्सच्या जन्मदिनी, हा सोहळा जगभरच्या स्कॉटिश मंडळींत रूढ झाला. गरिबाघरचे टाकाऊ मानले गेलेले अन्न एका राष्ट्राची खूण होऊन बसले.

योगायोग असा की, त्याच १८०१ साली कावेरीच्या खोऱ्यात एक तरुण मराठी राजा आपल्या राज्यातील अन्नाच्या कीर्तीसाठी पत्र लिहीत होता. त्याच्या हाती तेव्हा राज्य उरलेले नव्हते.

भाताच्या मुलखातील मराठे

तंजावरला मराठी सत्ता आली ती १६७५ च्या सुमारास. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे या घराण्याचे मूळ पुरुष. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेला हा मुलूख भाताचे कोठार म्हणून ओळखला जाई. देशावरची ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घराण्यांना येथे भात, चिंच, नारळ आणि तिळाचे तेल भेटले. दोन पाकपरंपरा एकमेकींच्या शेजारी नांदू लागल्या.

त्याच्या खुणा तमिळ स्वयंपाकघरात आजही सापडतात. तंजावरकडील ब्राह्मणी स्वयंपाकात पिटलै नावाचा पदार्थ असतो. त्याचे नाव आपल्या पिठल्याशी जोडले जाते. पदार्थ मात्र तेथे निराळाच झाला. त्यात डाळ, चिंच, भाजी आणि वाटलेला मसाला असतो. रसवांगी या नावातील वांगी तर मराठी वाचकाला ओळखू येतात. उडदाच्या भाजलेल्या पिठाचे डांगर आपण ताकात वा दह्यात कालवतो, तिकडे त्याला डांगर पच्चडी म्हणतात. पोळी हा शब्द तमिळमध्ये गोड पुरणाच्या पोळीसाठी रुळला आहे.

अन्नाविषयी लिहिण्याची हौसही या दरबाराला पहिल्यापासून होती. एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेले रघुनाथ पंडित नवहस्ते यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोजनकुतूहल हा ग्रंथ रचला. ग्रंथ संस्कृतात असला तरी त्यात पदार्थांची व धान्यांची मराठी नावे आहेत. जिलबीच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनाही या ग्रंथापाशी थांबावे लागते. सरफोजीराजांना वारशाने मिळालेली परंपरा ही अशी होती.

उपासमार पाहिलेले बालपण

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. ते भोसले भाऊबंदांपैकी एका शाखेतील. त्यांचे बालपण तंजावरच्या अत्यंत हलाखीच्या काळात गेले. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले होते. १७७६ मध्ये तुळजाजीराजांना गादी परत मिळाली, तरी तिजोरी रिकामीच होती. त्यातच १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजा या सुपीक खोऱ्यात उतरल्या. पिके उद्ध्वस्त झाली, कालवे फुटले, गुरे हाकून नेण्यात आली आणि हजारो लोक परागंदा झाले. भाताच्या कोठारातच लोक उपाशी मरू लागले.

या आपत्तीत ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचे नाव पुढे आले. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे थोडेफार धान्य होते. मात्र पूर्वी सरकारने धान्य घेऊन पैसे बुडविल्यामुळे किल्ल्यात धान्य आणण्यास ते तयार नव्हते. श्वार्ट्झने मोबदल्याची हमी आपल्या शब्दावर घेतली, तेव्हा बैलगाड्या किल्ल्याकडे वळल्या. दाण्याइतकीच शब्दाचीही किंमत असते, हा धडा तंजावरने त्या काळात घेतला. सरफोजी तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. पुढे हाच श्वार्ट्झ त्यांच्या आयुष्यात पालकाच्या जागी येणार होता.

तुळजाजीराजांची मुले-नातवंडे एकामागून एक निवर्तली. अखेर १७८७ च्या जानेवारीत, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांची काळजी वाहण्याची विनंती श्वार्ट्झला केली. मात्र तुळजाजींच्या पश्चात त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे आणि त्याचे वयही दत्तकविधानास योग्य नाही, या कारणांवरून पंडितांनी दत्तक अशास्त्रीय ठरविले. कंपनीने अमरसिंहांना मान्यता दिली.

यानंतरची वर्षे सरफोजींनी कोंडल्या अवस्थेत काढली. त्यांच्या शिक्षणाची सोय नव्हती आणि बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता. श्वार्ट्झने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या भाषांबरोबर ते इंग्रजीत पारंगत झाले आणि युरोपातील आणखी काही भाषांशीही त्यांचा परिचय झाला. मिशनऱ्यांच्या सहवासात वाढूनही त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूंविषयीची कृतज्ञताही सोडली नाही. तंजावरच्या चर्चमधील श्वार्ट्झच्या संगमरवरी स्मारकात, मरणोन्मुख गुरूच्या शय्येपाशी उभे असलेले सरफोजीराजे आजही पाहावयास मिळतात.

गादी मिळाली, मुलूख गेला

दरम्यान, पंडितांच्या पहिल्या निर्णयाची फेरतपासणी झाली आणि दत्तकविधान वैध ठरले. २९ जून १७९८ रोजी एकविसाव्या वर्षात असलेले सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता.

गादी मिळाली, मात्र तिची किंमत दीड वर्षाच्या आतच चुकवावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये राज्याचा संपूर्ण कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांना दरसाल एक लाख स्टार पॅगोडा, म्हणजे होन, आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा देण्याचे ठरले. तंजावरचा किल्ला व राजवाडा एवढ्यापुरतीच त्यांची सत्ता उरली. फौज नाही, न्यायनिवाडा नाही, करवसुली नाही. अशा स्थितीत त्या काळातील अनेक संस्थानिकांनी पेन्शन घेऊन ऐषारामात दिवस घालविले. सरफोजीराजांच्या आयुष्याचे वळण येथेच वेगळे ठरते.

१८०१ चे पत्र

तंजावरच्या मुलखातून रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट होती. उत्तरेकडून, महाराष्ट्रातून, तेलंगणातून येणारे बैरागी, जोगी, जंगम आणि गृहस्थ याच वाटेने दक्षिणेकडे जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या मराठी राजांनी वाटेवर छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे मुक्कामाची जागा आणि मोफत जेवण. प्रतापसिंहराजांच्या काळात (१७३९ ते १७६३) या कामाला विशेष गती आली. यांतील अनेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब होय. यमुनांबा, राजकुमारांबा, द्रौपदांबा अशी ही नावे. छत्रांच्या खर्चासाठी गावे लावून दिलेली होती.

मुलूख कंपनीकडे गेल्यावर या गावांचे आणि पर्यायाने छत्रांचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. हिशेबी कंपनीच्या दृष्टीने हा धर्मादाय खर्च होता आणि खर्च कमी करणे हे तिचे धोरण होते. सरफोजीराजांनी १८०१ च्या आरंभी कंपनीच्या रेसिडेंटला सविस्तर पत्र पाठविले. ही छत्रे चालू राहावीत आणि त्यांची व्यवस्था आपल्याकडे असावी, अशी त्यांची विनंती होती.

या पत्राचे महत्त्व त्यातील तपशिलात आहे. छत्रांत कोण जेवतो, काय जेवतो आणि केव्हा जेवतो, हे राजांनी एखाद्या कोठीवाल्याच्या काटेकोरपणे मांडले आहे. ब्राह्मणापासून जातीच्या उतरंडीत सर्वांत खाली मानल्या गेलेल्या माणसापर्यंत प्रत्येक वाटसरूला शिजलेला भात मिळत असे. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे शिजलेले चालत नसे, त्यांना तांदूळ, मसाला वगैरे कोरडा शिधा दिला जाई. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा केला जाई की, अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने पुढे यावे आणि आपल्यासाठी राखलेला भात घ्यावा.

आजारी पडलेल्या वाटसरूला बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. तान्ह्या मुलांसाठी दूध असे. गरोदर स्त्री छत्रात बाळंत झाली तर तिचा खर्च छत्राने करावा आणि तिला तीन महिने राहू द्यावे, असा रिवाज होता. पोरक्या मुलांचा सांभाळ तेथील शिक्षकाकडे सोपविलेला असे. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि दर चौथ्या दिवशी तेलाचे अभ्यंग मिळे. कपडे आणि औषधेही दिली जात. छत्रातच कोणाचा मृत्यू झाला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होई. मोठ्या छत्रांत वेदांचे अध्यापक, शाळेचे गुरुजी आणि वैद्य नेमलेले असत. म्हणजे एकाच छपराखाली अन्नछत्र, शाळा, दवाखाना आणि अनाथालय चालत होते.

पत्रातील सर्वांत हृद्य भाग मात्र वेगळाच आहे. आपला देश त्याच्या दानधर्मासाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे, त्याला धर्मराज्य म्हटले जाते आणि या नावामुळे देशोदेशी जी कीर्ती आपल्याकडे येते तीच आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण आहे, असा राजांचा युक्तिवाद होता. फौजफाटा आणि खजिना गेलेला राजा येथे कीर्तीचा दावा सांगतो आणि तो दावा पराक्रमावर वा वंशावर नव्हे, तर मध्यरात्री वाटलेल्या भातावर उभा करतो.

येथे दोन गोष्टी नजरेआड करता येणार नाहीत. ही छत्रे जातिभेदाच्या चौकटीतच चालत होती. शिजलेल्या आणि कोरड्या शिध्याचा भेदही त्याच चौकटीतला होता. दुसरे असे की, हा सारा खर्च शेवटी कावेरीकाठच्या कुळांच्या घामातूनच निघत होता. तरीही, जेवल्याशिवाय कोणी राहू नये ही जबाबदारी राज्याने पत्करली होती आणि ती परक्या सत्तेपुढे लेखी मांडण्याची हिंमत या तरुण राजाने दाखविली, हे मान्य करावे लागते. विनंतीला यश आले. छत्रे राजांच्या देखरेखीखाली राहिली.

मुक्तांबेच्या नावाने

या पत्रानंतर वर्षभरात राजांनी स्वतः एक मोठे छत्र उभारले. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे १८०२ मध्ये मुक्तांबा छत्र सुरू झाले. मुक्तांबा ही राजांची प्रिय सहचारिणी. तिच्या अखेरच्या इच्छेनुसार हे छत्र बांधले गेले, असे सांगितले जाते. प्रियजनांच्या स्मरणार्थ समाधी वा छत्री बांधण्याची रीत राजघराण्यांत सर्वत्र होती. येथे स्मारक म्हणून स्वयंपाकघर उभे राहिले. छत्राला जोडून शाळा आली. ओरत्तनाडूची ती वास्तू आजही तेथील लोक मुक्तांबेच्याच नावाने ओळखतात.

राजवाड्यातील मुदपाकखाना

छत्रातील भात ही अन्नाची एक बाजू झाली. दुसरी बाजू राजवाड्याच्या आत होती. सरफोजीराजांना प्रत्येक गोष्ट नोंदवून ठेवण्याची विलक्षण आवड होती. राजवाड्यात शाकाहारी, मांसाहारी आणि इंग्रजी धर्तीच्या पदार्थांसाठी वेगवेगळे मुदपाकखाने होते. तेथे शिजणाऱ्या पदार्थांच्या कृती मराठीत लिहून घेण्यात आल्या. शरभेंद्र पाकशास्त्र या नावाने ही परंपरा ओळखली जाते. शरभेंद्र हे सरफोजींच्याच नावाचे संस्कृत रूप होय.

या नोंदींचे वेगळेपण समजून घेतले पाहिजे. त्या काळी स्वयंपाक ही हातातून हातात जाणारी विद्या होती. सासूकडून सुनेकडे, वस्तादाकडून शागिर्दाकडे ती जाई. तिला लेखणीचा स्पर्श क्वचितच होई. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणीमित्र मुंबईत प्रसिद्ध झाले ते १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांची रुचिरा १९७० मध्ये. त्यांच्या कितीतरी आधी, महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या एका मराठी राजवाड्यात आचाऱ्याच्या हातची कृती कागदावर उतरत होती. परक्या मुलखात राहणाऱ्यांना आपले अन्न विसरले जाण्याची धास्ती अधिक असते, हे त्यामागचे एक कारण असू शकेल. मात्र सरफोजीराजांची वृत्ती केवळ जतनाची नव्हती. इंग्रजी पदार्थांनाही त्यांनी आपल्या राजवाड्यात जागा दिली. आपले ते राखावे आणि दुसऱ्याचे ते समजून घ्यावे, असा त्यांचा खाक्या होता.

ग्रंथ, छापखाना आणि रुग्णनोंदी

हाच खाक्या त्यांच्या इतर कामांतही दिसतो. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचे त्यांनी एका थोर ग्रंथालयात रूपांतर केले. संस्कृत, मराठी, तमिळ आणि तेलुगू हस्तलिखितांच्या जोडीला हजारो युरोपीय ग्रंथ त्यांनी मागविले. १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. १८०५ मध्ये देवनागरी लिपीचा छापखाना सुरू केला आणि त्यावर १८०६ मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद छापला गेला. मुंबई-पुण्यात मराठी छपाई रुजण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

धन्वंतरी महालात त्यांनी देशी वैद्य एकत्र आणले आणि औषधांच्या परीक्षा करविल्या. नेत्ररुग्णांवरील उपचारांच्या नोंदी त्यांच्या काळात तपशीलवार ठेवल्या गेल्या. रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही त्यांसोबत आहेत. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधून त्यांनी इंग्रजांशी असलेली मैत्री जगजाहीर केली. तीच मैत्री पत्करल्यामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. स्वातंत्र्य गमावल्याची खंत त्यांनी उघडपणे बोलून दाखविली नाही, हे खरे. पण ज्या चौकटीत त्यांना जगावे लागले, तिच्यात त्यांनी एकही कोपरा रिकामा ठेवला नाही.

१८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस निघाले आणि १८२२ मध्ये परतले. परतताना त्यांनी हस्तलिखितांचा मोठा साठा आणला. स्वतःच्या मुलखात यात्रेकरूंना जेवू घालणारा राजा या दोन वर्षांत स्वतः यात्रेकरू झाला होता. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरला आले. युरोपातील शास्त्रज्ञांविषयी जाणकारीने बोलणारा, शेक्सपिअरची गोडी असलेला आणि उत्तम घोडेस्वार व शिकारी असलेला हा हिंदी राजा पाहून बिशप थक्क झाले आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत हीबर त्रिचनापल्लीत वारले.

मागे काय उरले?

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. १८५५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर पुरुष वारस नसल्याचे कारण दाखवून कंपनीने तंजावर संस्थान खालसा केले. छत्रे सरकारी व्यवस्थेकडे गेली. रेल्वे आली आणि रामेश्वरच्या पायवाटा ओस पडल्या. मध्यरात्रीची घंटा थांबली. छत्रांच्या काही इमारती शाळा व वसतिगृहांच्या उपयोगी पडल्या, काही मोडकळीस आल्या.

तंजावरमधील मराठी घरे मात्र टिकली. त्यांची मराठी सतराव्या-अठराव्या शतकातील वळणे जपणारी आणि तमिळच्या संगतीने बदललेली आहे. त्यांच्या स्वयंपाकाचेही तसेच आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो तमिळ वाटतो आणि चेन्नईच्या माणसाला मराठी. दोन्हीकडे नातेवाईक असलेल्या पदार्थांना बहुधा कोठेच पुरेसे श्रेय मिळत नाही. सांबाराच्या कथेला जी प्रसिद्धी लाभली, तिचा शतांशही पिटलै वा रसवांगी यांच्या वाट्याला आला नाही.

सरफोजीराजांच्या बाबतीतही हेच घडले. ग्रंथालयाचा संस्थापक म्हणून त्यांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण ज्या कीर्तीला त्यांनी स्वतः आपल्या पदाचे सर्वांत मोठे भूषण मानले, ती आज त्यांच्या नावाशी क्वचितच जोडली जाते. शंभर पोथ्या जमविणारे राजे इतरत्रही झाले. राज्य हातचे गेल्यावर परक्या अधिकाऱ्याला पत्र लिहून, कोण जेवले आणि कोण राहिले याचा हिशेब मांडणारे राजे फार झाले नाहीत.

तंजावर दरबाराचे मोडी कागद प्रचंड संख्येने सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठात जपलेले आहेत. त्यांत जमाखर्च आहेत, कोठारांच्या नोंदी आहेत, आज्ञापत्रे आहेत. हे सर्व कागद अजून वाचून झालेले नाहीत, कारण मोडी वाचू शकणारे आणि तंजावरची मराठी उमजणारे अभ्यासक मोजकेच आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात आणि त्यांना येणारी तरुण मंडळीही असतात. त्यांतील काहींची पावले तंजावरच्या वाटेला लागली, तर मराठी अन्नाचा इतिहास ऐकीव कथांऐवजी कोठीच्या हिशेबांतून लिहिता येईल. किती तांदूळ शिजला, किती जण जेवले आणि आमटीत चिंच होती की आमसूल, याचे उत्तरही कदाचित त्याच रुमालांत बांधलेले असेल.